अकरा निबंधांची पडताळणी

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने मराठी विषय घेऊन एम.ए.ला प्रवेश घेतला आणि त्याच आठवड्यात तिने मला विचारले, “मावशी, तुझ्या वेळच्या नोट्स अजून आहेत का गं?” त्या होत्या. नाशिक रोडच्या आमच्या घरात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत १९९४ ते १९९६ या दोन वर्षांतील सात वह्या आणि फुलस्केप कागदांवर लिहून कोपऱ्यात टॅग ओवलेले अकरा निबंध ठेवलेले होते. तीन घरे बदलताना ती पेटी प्रत्येक वेळी सोबत आली, पण एकदाही उघडली गेली नव्हती. एम.ए. झाल्यावर मी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला लागले, १९९८ मध्ये तलाठी म्हणून नोकरीत रुजू झाले आणि आज मंडळ अधिकारी म्हणून काम करते. साहित्याचे वाचन कधी सुटले नाही, साहित्याविषयी लिहिणे मात्र त्या अकरा निबंधांपाशीच थांबले.

पेटी उघडून, धूळ झटकून सगळे बाड तसेच भाचीच्या हाती द्यावे असा माझा विचार होता. त्या रात्री सहज म्हणून पहिला निबंध वाचायला घेतला आणि तो संपला तेव्हा तो तिला द्यायचा नाही हे माझे ठरले होते. निबंध वाईट होता असे नाही. भाषा शुद्ध होती, मुद्दे क्रमाने आले होते, शेवटी लाल शाईत वीसपैकी चौदा गुण आणि ‘मांडणी मुद्देसूद’ असा शेरा होता. मला अडखळायला झाले ते दुसऱ्याच कारणाने. यातील कोणते वाक्य माझे आहे, कोणते वर्गात सांगितलेले आहे आणि कोणते एखाद्या पुस्तकातून उचललेले आहे, हे मला स्वतःलाच ओळखता येत नव्हते.

माझ्या नोकरीत या प्रश्नाला फार महत्त्व आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला, म्हणजे खरेदी, वारस, वाटप, बक्षीसपत्र यांपैकी काही घडले, की तलाठी गाव नमुना सहा या नोंदवहीत फेरफाराची, म्हणजे त्या बदलाची, नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. म्हणजे इतकी वर्षे मी दुसऱ्यांच्या नोंदींना एकच प्रश्न विचारत आले आहे: ही नोंद कशावरून? आधार काय, कागद कुठे आहे, सांगणारा कोण? हाच प्रश्न मी माझ्या निबंधांना कधी विचारला नव्हता, आणि आता तो विचारल्याशिवाय ते पुढच्या पिढीच्या हाती देणे मला योग्य वाटेना.

म्हणून मी एक पद्धत ठरवली. रोज रात्री जेवणानंतर तासभर बसायचे, निबंधातील एकेक वाक्य वाचायचे आणि समासात पेन्सिलीने खूण करायची. वर्गातील व्याख्यानातून आलेल्या वाक्याला ‘व’, पुस्तकातून आलेल्याला ‘पु’, माझ्या स्वतःच्या वाक्याला ‘मा’, आणि जिथे ठरवता येणार नाही तिथे प्रश्नचिन्ह. वर्गातील वाक्ये ओळखणे सोपे गेले, कारण सातही वह्या हाताशी होत्या आणि प्राध्यापकांनी सांगून लिहून घेतलेली टिपणे त्यांत शब्दशः होती. पुस्तकातील वाक्यांसाठी रविवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागले. १८४० साली स्थापन झालेले हे वाचनालय आम्हा नाशिककरांना ‘सावाना’ म्हणून परिचित आहे. विद्यार्थिदशेत मी तिथे कादंबऱ्या बदलायला जात असे, संदर्भ तपासण्यासाठी मात्र आता पहिल्यांदाच बसले. जूनमध्ये सुरू केलेले हे काम दिवाळीपर्यंत चालले.

पहिल्या निबंधात एकशे बारा वाक्ये भरली. त्यांपैकी सत्तेचाळीस वाक्यांना ‘व’ लागला, अडतीस वाक्यांना ‘पु’, अठरांना प्रश्नचिन्ह आणि नऊ वाक्यांना ‘मा’. त्या नऊपैकी चार वाक्ये ‘यावरून असे दिसून येते की’ या शब्दांनी सुरू होणारी होती. पुढच्या निबंधांत प्रमाण थोडेफार बदलत गेले, पण चित्र तेच राहिले. ‘पु’ लागलेल्या अडतीसपैकी फक्त सहा वाक्यांना मी अवतरणचिन्हे घातली होती. चोरी करण्याचा हेतू नव्हता, हे मी आजही खात्रीने सांगू शकते. चांगले वाक्य सापडले की ते आपल्या उत्तरात बसवायचे, याला आम्ही अभ्यासच समजत होतो आणि तसे समजू नका असे आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते. तरीही ज्या समीक्षकांनी त्या वाक्यांसाठी आयुष्यातील वर्षे खर्च केली, त्यांची नावे मी लिहिली नाहीत ही गोष्ट मला फार लागली. वाचनालयात मूळ पुस्तक उघडावे आणि आपले सर्वांत आवडते वाक्य तिथे दुसऱ्याच्या नावाखाली छापलेले दिसावे, असे मला सात वेळा झाले.

यात एक गोष्ट मर्ढेकरांच्या बाबतीत घडली, ती विस्ताराने सांगण्यासारखी आहे. आमच्या अभ्यासात बा. सी. मर्ढेकरांचा सौंदर्यविचार होता. त्यांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन तत्त्वे त्यानंतर मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केली. मीही केली. अकरापैकी पाच निबंधांत मी या तीन शब्दांचा छाप प्रत्येक कवितेवर मारलेला आहे: पहिल्या कडव्यात संवाद, दुसऱ्यात विरोध, शेवटी समतोल, मग कविता कोणाचीही असो. एके ठिकाणी त्यांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा मी ‘भावनिक समानता’ अशी लिहिली आहे. या दोन शब्दप्रयोगांत फार मोठे अंतर आहे. शब्दांच्या अर्थांशी निगडित असलेल्या भावना एकमेकींशी कशा जुळतात, कशा विरोधात उभ्या राहतात आणि त्यांतून साहित्यकृतीची लय कशी घडते, हे सांगण्यासाठी मर्ढेकरांनी ती संज्ञा घडवली होती. माझ्या लेखणीतून उतरताना तिचे रूपांतर दोन माणसांना सारखेच वाईट वाटण्यात झाले. त्या वाक्याखाली लाल शाईची बरोबरची खूण आहे. मी तो ग्रंथ ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सलग वाचला. तो अवघड आहे, काही ठिकाणी मला पटलाही नाही, पण न पटण्याइतका तो मला समजला याचा आनंद एम.ए.च्या पदवीपेक्षा मोठा होता.

उद्धृत केलेल्या कवितांच्या ओळीही मी मूळ संग्रहांशी ताडून पाहिल्या. बऱ्याच ठिकाणी शब्द बदललेले होते आणि एका ठिकाणी तर दोन वेगळ्या कवितांच्या ओळी एकाखाली एक जोडून मी एकच कडवे तयार केले होते. या चुका मला इतर चुकांइतक्या टोचल्या नाहीत, कारण त्या पाठ असलेल्या कवितांमध्ये झालेल्या होत्या. हस्ताक्षरावरूनही एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. कविता उतरवताना अक्षर टपोरे, सुटे आणि रेषेवर बसलेले आहे. भाष्य सुरू झाले की ते तिरके होते आणि धावू लागते. बावीस वर्षांच्या त्या मुलीला कविता आवडत होती यात मला शंका राहिली नाही, फक्त आवडलेल्या गोष्टीविषयी काय बोलावे हे तिला माहीत नव्हते आणि म्हणून ती ऐकलेले बोलत होती.

आता मुख्य निबंधाकडे येते. १९४२ साली वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’मधील ‘आगगाडी व जमीन’ या कवितेवर मी चौदा पानांचा निबंध लिहिला होता आणि त्याला अकरांपैकी सर्वाधिक, म्हणजे सोळा गुण होते. कविता बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. पायाखाली चुरली जाणारी जमीन आगगाडीला विनवते, गाडी तिला दुर्बळ म्हणून हिणवते आणि अधिकच बेभान होऊन घाटात शिरते, जमीन संतापाने थरारते, दरीवरचा पूल कोसळतो आणि गाडीची हजार शकले होऊन ती खाली पडते. माझ्या निबंधाचा सिद्धांत असा, की गाडी हे शोषकाचे प्रतीक, जमीन हे शोषिताचे प्रतीक आणि पुलाचे कोसळणे हे क्रांतीचे प्रतीक. चौदा पानांत ‘प्रतीक’ हा शब्द त्रेचाळीस वेळा आला आहे. हा अर्थ चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. कविता त्या अर्थाकडे स्वतःच बोट दाखवते. परंतु तो अर्थ पहिल्याच पानावर सांगून झाल्यावर पुढची तेरा पाने मी काय करत होते, याचे उत्तर मला सापडले नाही. त्या तेरा पानांत कवितेतील एकही शब्द मी थांबून पाहिलेला नाही.

त्यातील एक शब्द या वेळी मला थांबवून गेला आणि तो ऐकू येण्यासाठी मला मधली नोकरीची वर्षे खर्च करावी लागली. जमीन गाडीला म्हणते, ‘नको ग’. विद्यार्थिनी असताना हे दोन शब्द मी दहा वेळा उतरवून काढले असतील, पण त्यांतील ‘ग’ माझ्या कानांवर पडलाच नव्हता. मराठीत गाडी स्त्रीलिंगी आणि जमीनही स्त्रीलिंगी आहे. चुरडणारी आणि चुरडली जाणारी या दोघी बायका आहेत, आणि खालची वरचीला ‘ग’ म्हणते, म्हणजे मैत्रिणीला, बहिणीला, लेकीला म्हणावे तसे जवळचे संबोधन वापरते. माझ्या निबंधात मात्र शोषक ‘तो’ आहे आणि शोषित ‘तो’ आहे, कारण वर्गातील टिपणात तसे होते आणि मी गाडी व जमीन या शब्दांना त्यांच्या लिंगासकट मागे टाकून पुढे निघून गेले होते. विनवणीतील ते नाते एकदा ऐकू आले, की पुढचा सगळा संघर्ष अधिक दुखरा होतो. परक्याने तुडवणे आणि जिला ‘ग’ म्हणता येते तिने तुडवणे यांत फरक आहे.

हा शब्द मला ऐकू आला त्यामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी सिन्नर तालुक्यात महामार्गासाठी भूसंपादनाची संयुक्त मोजणी चालू असताना मी महसूल विभागाच्या बाजूने पथकात होते. मोजणी म्हणजे नुसते क्षेत्र मोजणे नसते. संपादनात जाणाऱ्या पट्ट्यातील विहिरी, झाडे, पाइपलाइन, गोठा, घर यांची वेगळी नोंद करावी लागते, कारण त्यांचा मोबदला वेगळा ठरतो. एका गटात, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यात, रेषा नेमकी विहिरीवरून जात होती. त्या शेताची मालकीण साठीच्या पुढची असावी. पथकातील पुरुष अधिकाऱ्यांशी ती एक अक्षर बोलली नाही, बांधावरून चालत सरळ माझ्यापाशी आली, माझा हात धरला आणि म्हणाली, “इहिरीवरून नको गं बाई. जरा पल्याडून न्या की.” रस्त्याची आखणी माझ्या हाती नव्हती, हे मी तिला सांगितले. तिने हात सोडला. मी विहीर, दोन आंबे, एक चिंच आणि पाइपलाइन अशी नोंद केली, तिचा अंगठा घेतला आणि आम्ही पुढच्या गटात गेलो.

निबंधात मी जमिनीच्या बाजूने उभी होते, कोणतीही किंमत न देता, गृहीत धरून. त्या शेतात मी गाडीच्या बाजूने आलेली होते, हातात यादी आणि पेन घेऊन, आणि जमिनीने मला ‘गं’ म्हटले. त्या दिवशी कविता आठवली असती तर ही गोष्ट सांगायला जास्त चांगली झाली असती, पण ती मला तेव्हा आठवली नाही. ती आठवली गेल्या पावसाळ्यात, पेन्सिल हातात घेऊन जुन्या निबंधावर खुणा करत असताना, आणि त्यानंतर दोन दिवस मी खुणा करू शकले नाही.

याच कवितेत शेवटी, पूल कोसळल्यानंतर, अर्ध्या क्षणाचा एक भयाण आक्रोश उठतो. तो कोणाचा? कवितेने सांगितलेले नाही, पण आगगाडी रिकामी नसते. माझ्या निबंधाचा समारोप ‘अशा रीतीने शोषितांचा विजय होतो’ या वाक्याने झाला आहे आणि ती ओळ मी उद्धृत केलेल्या उताऱ्यातून वगळली आहे. वगळताना काय विचार केला होता हे आठवत नाही. बहुधा विजयाशी ती जुळत नव्हती म्हणून. इगतपुरीला नेमणूक असताना मी अनेकदा कसारा घाटातून रेल्वेने गेले आहे. कसाऱ्याहून वर चढताना गाडीला जादा इंजिने लावावी लागतात, दरीवरच्या पुलावरून ती संथपणे पुढे सरकते आणि डब्यातील माणसे डबे उघडून जेवत असतात, लहान मुले खिडकीशी भांडत असतात. त्या प्रवासात गाडी ही मला कधीच कशाचे प्रतीक वाटली नाही. आता ती ओळ वाचताना मला ती माणसे दिसतात आणि कवीने तो आक्रोश क्षणार्धाचा का होईना, पण कवितेत ठेवला, याचे मोल कळते. सूडाची कविता लिहिताना सूडाची किंमत एका ओळीत लिहून ठेवणारा कवी मी ‘क्रांतिकारक’ या एका विशेषणात बंद केला होता.

याच निबंधात आणखी एक वाक्य आहे, ज्यावर खूण करताना माझा हात थबकला: ‘कुसुमाग्रज हे मानवतावादी कवी होते.’ निबंधावर तारीख सप्टेंबर १९९५ ची आहे. त्या दिवशी कुसुमाग्रज याच शहरात राहत होते. मी सायकलवरून ज्या रस्त्याने महाविद्यालयात जात असे, त्यापासून त्यांचे टिळकवाडीतील घर पाच-सात मिनिटांच्या अंतरावर होते आणि त्या घराचे दार कोणालाही उघडे असे, हे सारे नाशिक सांगत असे. मी त्यांना भूतकाळात लिहिले, कारण अभ्यासक्रमातील लेखक भूतकाळात लिहायचे असतात अशी माझी समजूत होती. १० मार्च १९९९ रोजी ते गेले तेव्हा मी एका खेड्यातील सजावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रावर, रुजू होऊन थोडेच महिने झाले होते. बातमी मला चावडीत, पीकपाहणीच्या नोंदी करताना समजली.

बाबूराव बागुलांवरच्या निबंधातही मला हेच अंतर दिसले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ सालचा. निबंधात ‘विद्रोह’, ‘नकार’ आणि ‘वेदना’ हे शब्द प्रत्येक परिच्छेदात आहेत. शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी आलेला एक तरुण राहायला जागा शोधतो आहे, आणि जागा मिळण्यासाठी जात सांगावी लागते किंवा लपवावी लागते, ही साधी आणि भयंकर गोष्ट माझ्या निबंधात कुठेही लिहिलेली नाही. तिथून सुरुवात केली असती तर ‘विद्रोह’ हा शब्द एकदाही न लिहिता तो वाचणाऱ्याच्या ध्यानात आला असता. शिवाय त्यांच्या परिचयाचा परिच्छेद असा लिहिलेला आहे, की लेखक दूरच्या कोणत्या तरी प्रदेशातील असावा. बागुलांचे जन्मगाव विहितगाव. माझ्या आजच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटे लागतात. २००८ साली त्यांचे निधनही नाशिकमध्येच झाले. आमच्या वर्गात ही गोष्ट कोणी बोलले नाही आणि मीही चौकशी केली नाही.

‘नटसम्राट’वरील निबंधात मला एक पूर्ण परिच्छेद ‘मा’ असा सापडला आणि संपूर्ण बाडात तो एकच. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले आणि माझ्या निबंधातील बराच भाग त्याची शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी केलेली तुलना आहे, जी जवळजवळ सगळी पुस्तकांतून आलेली आहे. पण आठव्या पानावर अचानक नायकाची पत्नी कावेरी हिच्याविषयी सात वाक्ये आहेत. अप्पासाहेब बेलवलकर तिला ‘सरकार’ म्हणतात, पण घरातील सर्वांत मोठा निर्णय, म्हणजे मिळवलेले सगळे मुलांना वाटून टाकण्याचा, तिचे न ऐकता घेतात. ताट द्यावे पण पाट देऊ नये हे तिला समजते, आणि नाटकाला नाव मात्र त्यांचे मिळते, असे मी लिहिले होते. त्यापुढे लाल शाईत शेरा आहे, ‘नायकावर लक्ष केंद्रित करा’. पुढच्या पानापासून मी आज्ञाधारकपणे तसे केले आहे.

त्या सात वाक्यांची खरी परीक्षा मी नोकरीत रोज पाहत आले आहे. बक्षीसपत्राने सगळी जमीन मुलांच्या नावे करून देणारे वृद्ध फेरफाराच्या वेळी समोर येतात. अशाच एका बाबांना मी एकदा विचारले, “स्वतःच्या नावावर काही ठेवलंय का?” हा प्रश्न विचारणे माझ्या कामाचा भाग नव्हता. ते म्हणाले, “पोरं हायेत ना, मॅडम.” त्यांची पत्नी शेजारी बसली होती, ती काही बोलली नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवण्याची वाट त्याने करून दिली. पण अट घालून द्यायला माणसाला आधी मनातल्या मनात तो दिवस पाहावा लागतो, आणि अप्पासाहेबांना तो पाहता येत नाही, कावेरीला येतो. हे मी बावीसाव्या वर्षी पाहिले होते याचा मला मनापासून आनंद झाला, आणि एका शेऱ्याने ते पाहणे मी लगेच सोडून दिले याचे वाईटही वाटले. माझ्या मते त्या नाटकातील देणे हाही अप्पांचा एक प्रवेश आहे: भरलेले घर हा प्रेक्षागार, आणि दान ही शेवटची मोठी भूमिका. कावेरी त्या वेळी प्रेक्षकांत नसते, ती पडद्यामागे असते, जिथून दिवे मालवल्यानंतरचे घर दिसते. हे वाक्य मी समासात नव्याने लिहिले आणि त्यापुढे ‘मा’ व आजची तारीख घातली.

उरलेल्या निबंधांविषयी फार सांगण्यासारखे नाही. संतसाहित्यावरील तीन निबंध पूर्णपणे ‘व’ आहेत, एक भाषाविज्ञानावरचा आहे आणि तो बरोबर आहे, आणि कादंबरीच्या इतिहासावरचा निबंध ज्या कादंबऱ्यांविषयी आहे त्यांतील अर्ध्या मी तेव्हा वाचलेल्याच नव्हत्या. त्या अर्ध्या आता वाचते आहे.

दिवाळीत भाची घरी आली. मी तिला निबंध दिले नाहीत; ते मी खुणांसकट माझ्यापाशी ठेवले आहेत. तिला मूळ साहित्यकृतींची यादी दिली आणि ‘आगगाडी व जमीन’ स्वच्छ अक्षरात उतरवून काढलेला एक कागद दिला. भाऊबीजेच्या दुपारी तिने ती कविता मोठ्याने वाचली. मी तिला ‘ग’विषयी सांगितले, दोघी बायका असण्याविषयी सांगितले आणि त्या शेतातली गोष्टही सांगितली, जी घरात आजवर कोणाला सांगितली नव्हती. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “पण जमीन तिला नात्यानं हाक मारते आणि गाडीकडून उत्तर येतं ते ‘दुर्बळ’ म्हणून. मला वाटतं पूल तिथंच कोसळतो. घाटात कोसळतो तो नंतर.”

माझ्या ठरवलेल्या खुणांत या वाक्यासाठी खूण नव्हती. मी तो कागद तिच्याकडून घेतला, समासात तिचे वाक्य उतरवले, पुढे तिच्या नावाचे आद्याक्षर आणि तारीख लिहिली आणि कागद तिला परत दिला.